हे गेल्यावर त्यांचं रिटर्न भरलं: माझा अनुभव

हे परभणीकडे जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले. पगारातून टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) जास्त कापला होता. तो परत मिळवायचा तर वारस म्हणून त्यांचं आयकर रिटर्न मलाच भरायचं होतं.

आयकर पोर्टलवर त्यांच्याच लॉगिनमधून भरून टाका, असं दोघातिघांनी सांगितलं. तसं करू नका. आपल्या पॅनने लॉगिन करून आधी ‘लीगल हेअर’ (कायदेशीर वारस) म्हणून नोंदणी करावी लागते. मृत्यूचा दाखला, त्यांचं पॅन आणि वारसाचा पुरावा लागतो. त्यांच्या पॅनच्या झेरॉक्सवर त्यांचीच निळ्या शाईतली सही होती. अपलोड करताना हात थांबला.

पुरावा म्हणून रेशनकार्ड जोडलं, विनंती नामंजूर झाली. वारस दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालायच्या तयारीत होते, तेवढ्यात कळलं की कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागदही चालतो. तो तर घरातच होता! मंजुरी मिळाली.

मृत्यूच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवलं. पुढचं कुटुंब निवृत्तिवेतन माझ्या. नव्या करप्रणालीत त्यातून एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, जे कमी असेल ते वजा होतं. रिफंड माझ्या खात्यात आला.