अस्सी ते पंचगंगा, वल्ह्याच्या नावेतून

काशीला निघालेलं कुणी भेटलं की मी आवर्जून सांगते: नाव वल्ह्याची घ्या, पहाटे घ्या आणि अस्सी घाटावरून घ्या. पहिल्या खेपेला मी संध्याकाळी दशाश्वमेधवरून मोटारबोटीत बसले होते. आरतीसाठी नावा एकमेकींना खेटून उभ्या, इंजिनाचा धूर डोळ्यांत, आणि आरती संपताच जिथून घेतलं तिथंच उतरवलं. घाट असे पाहिलेच नाहीत. दुसऱ्या खेपेला आईला घेऊन गेले तेव्हा सगळं आधी नीट ठरवलं.

घाटांची ओळ नदीच्या पश्चिम काठावर आहे. समोरच्या काठावर नुसती रेती. त्यामुळे रेतीमागून सूर्य वर आला की कोवळं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं. गंगा इथं उत्तरेकडे वाहते आणि अस्सी दक्षिण टोकाला आहे. तिथून निघालं की नाव प्रवाहाबरोबर जाते, नावाड्याला फार जोर लावावा लागत नाही. सगळे घाट डाव्या हाताला येतात, म्हणून बसताना डावी बाजू धरा.

आपल्याकडच्या माणसांची फसगत वेळेत होते. काशी आपल्या बरीच पूर्वेला, त्यामुळे मार्चमध्ये तिथं साताऱ्यापेक्षा पस्तीस-चाळीस मिनिटं आधी उजाडतं. पहाटेच्या अंधारातच घाटावर पोहोचा. ऑक्टोबरअखेर ते मार्च हा काळ चांगला. त्यातही डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं दाटतं की कधी कधी समोरची नावही दिसत नाही, तेव्हा हाताशी एक जादा दिवस ठेवा. पावसाळ्यात पाणी चढलं की नावा बंदच होतात. देवदिवाळीला, म्हणजे तिथल्या कार्तिकी पौर्णिमेला, घाटांवर लाखो दिवे असतात, पण नदीवर इतकी गर्दी होते की निवांत फेरीचं नाव त्या रात्री काढू नये.

नाव ठरवताना माणशी भाव करू नका, पूर्ण नावेचा करा. मी एका दमात सांगते, "अस्सी से पंचगंगा, एक तरफ़, पूरी नाव का, हाथ से." कुठं उतरायचं, वाटेत किती ठिकाणी थांबायचं, हे बसायच्या आधी बोलून घ्या. जीवरक्षक जॅकेट मागून घ्या. नाही म्हणाला तर पुढच्या नावेकडे वळा. थांबत थांबत गेलं तरी दीडेक तास लागतो.

आमचा नावाडी तरुण होता. आईला बघून म्हणाला, "माताजी, आप बीच में बैठिए," आणि स्वतः तिचा हात धरून उतरवून घेतलं. वल्हं म्हणजे बांबूच्या टोकाला ठोकलेली छोटी फळी. ते एका खुंटीला दोरीच्या वेढ्यात अडकवलेलं असतं. दोरी कोरडी झाली की करकरते. मग तो वाकून ओंजळभर पाणी त्या वेढ्यावर टाकायचा, करकर थांबायची आणि फक्त पाण्याचा आवाज उरायचा. मोटारबोटीत हे कानावर पडतच नाही.

अस्सी सोडल्यावर लगेच भदैनी लागतं. झाशीच्या राणीचा, म्हणजे मोरोपंत तांब्यांच्या मनूचा, जन्म इथला. पुढे काशीचा राजा चेतसिंह याचा किल्ला. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं त्याला इथंच कैद केलं आणि तो पागोट्यांचा दोर करून नदीकडच्या बाजूनं निसटला. ती भिंत पाण्यातून पाहिली की उंची कळते. मग हरिश्चंद्र घाट. इथं आणि पुढे मणिकर्णिकेला फोन पिशवीत ठेवा. चिता जळत असतात, शेजारी कुणाचं तरी घर उन्मळून पडलेलं असतं. नावाड्याला आधीच सांगा, जरा लांबून ने.

केदार घाटानंतर मात्र नाव अगदी सावकाश घ्यायला सांगा, कारण इथून पुढे आपलं माणूस पावलोपावली भेटतं. राजाघाट अमृतराव पेशव्यांचा. मग अहिल्याबाई घाट. विश्वनाथाचं आजचं मंदिर १७८० मध्ये त्यांनीच उभारलं. आईचं माहेर वाईचं. घाट समोर आला तशी ती म्हणाली, "अगं, या पायऱ्या आपल्या गणपतीपुढच्या घाटासारख्याच आहेत की!" चपला काढून तिनं बसल्या जागी हात जोडले. लहानपणी कृष्णेवर धुणं धुतलेल्या बाईला पायरीची उंची आणि दगडाची बसण लगेच ओळखू येते.

मणिकर्णिकेला लागूनच शिंदे घाट, बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला. पायथ्याशी रत्नेश्वराचं देऊळ एका अंगाला कललेलं आहे. पाणी जास्त असेल तर अर्धं बुडालेलं दिसतं. इथं वल्हं थांबवायला सांगा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, उंच आणि भक्कम. मग जटार घाट. नावाडी नाव सांगून पुढे जायला निघाला, तर आई म्हणाली, "थांब रे, जटार तर आपल्याकडचे!"

थंडीत नदीवर पांढरे पक्षी येतात, नावाडी त्यांच्यासाठी शेवेची पुडी पुढे करतो. मी घेत नाही. तळलेली शेव हे पाखरांचं खाणं नव्हे.

पंचगंगा घाटावर उतरताना पायऱ्या खड्या आहेत. गुडघे धड असतील तर उतराच. वर अहिल्याबाईंनी बांधलेला दगडी दीपस्तंभ आहे, आणि तिथून दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत शिरलं की जुनी मराठी वस्ती लागते. एकनाथांनी भागवत १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केलं, हे त्या गल्ल्यांतून चालताना आठवावं. गुडघे दुखत असतील तर नाव ठरवतानाच राजघाटाजवळच्या नमो घाटापर्यंत बोला, तिथं गाडी घाटाच्या जवळ येते. आम्ही तसंच केलं. उतरण्याआधी आईनं वाईहून आणलेल्या छोट्या तांब्यातलं कृष्णेचं पाणी गंगेत सोडलं आणि तोच तांब्या पुन्हा भरून घेतला. नावाड्यानं वल्हं आडवं धरून नाव स्थिर ठेवली होती.