रानझाडांची रोपं लावताय? मुळातल्या बुरशीबाबत या चुका टाळा

बुरशी म्हटलं की बुरशीनाशक ओतायचं, ही सवय आधी सोडा. हिरडा, ऐन, जांभूळ, साग, आपली बहुतेक रानझाडं मुळांत राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीच्या जोरावर वाढतात. मूळ पोचत नाही तिथून तिचे तंतू स्फुरद (फॉस्फरस) आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात.

एका रोपवाटिकेत हिरड्याची रोपं मातीलगत कुजून आडवी पडत होती. दर आठवड्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ओतणं चालू होतं, तरी मर थांबेना. मी एक पिशवी दाबली तर चिखल हाताला आला. चिकण माती, दोन वेळा पाणी, पिशव्या एकमेकींना खेटून, तळाची भोकं बुजलेली. अशा ओलीत पिथियम हा रोपं कुजवणारा, बुरशीसारखा जीव माजतो, आणि पिथियमवर कार्बेन्डाझिम चालतच नाही. ते बाधतं मायकोरायझाला. चोर सोडून संन्याशाला फाशी! भोकं मोकळी केली, मातीत वाळू मिसळली, पाणी एक वेळेवर आणलं, मग मर आटोक्यात आली. वाचलेली रोपं मात्र पावसाळाभर खुरटीच राहिली. पानांवर जांभळट झाक होती, म्हणजे स्फुरदाची उपासमार.

ती जांभळी पानं बघून लोक लगेच मूठभर डीएपी हे स्फुरदाचं खत टाकतात. आयतं स्फुरद भरपूर मिळालं की रोप बुरशीला थारा देत नाही. पहिल्याच वर्षी कमरेएवढं झाड हवं असणाऱ्यांना हे पटत नाही, पण रानात खत घालायला कोण जाणार आहे?

ट्रायकोडर्मा आणि व्हॅम (म्हणजे रानझाडांच्या मुळांतली हीच मायकोरायझा बुरशी, पूड करून विकतात ती) एकच समजू नका. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच, पण ती रोग आणणाऱ्या बुरशीशी लढते, मायकोरायझासारखं स्फुरद आणून देत नाही.

पाइन आणि साल यांना मुळाभोवती कवच विणणारी वेगळी बुरशी लागते. व्हॅमवर त्यांचं भागत नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती जेसीबीने माळ 'साफ' करण्याची. वरचा वीतभर थर खरवडला की बुरशीचे तंतू, बीजाणू आणि तिला जगवणारी बारीक मुळं, सगळंच जातं. ही बुरशी जिवंत मुळांशिवाय वाढत नाही. उघड्या मुरमात लावलेलं रोप तिची वाट बघत उन्हात करपतं. करवंद, घाणेरी, गवत असू द्या. मी खड्ड्यापुरतीच जागा मोकळी करते, तीही करवंदीच्या जाळीजवळ. घाणेरी नंतर हळूहळू काढता येते.

पिशवी भरताना मी बांधावरच्या निरोगी रानझाडाखालची, बारीक मुळांसकट उकरलेली मूठभर माती घालते. देवराईतून मात्र आणू नका, तिथली काडीही न उचलण्याची रीत आहे. व्हॅमची पूड घेतलीच तर पाकिटावरची तारीख बघा, आणि ती मुळाला लागेल अशी खड्ड्यात घाला. वरून भुरभुरलेली पूड पहिल्याच सरीत वाहून जाते.