झिप-रारच्या आत डिफेंडर बघतोय का? आधी खात्री करा

आमच्या डीटीपीच्या दुकानात गिऱ्हाईक पेनड्राइव्ह पुढे करतं तेव्हा त्यात मजकुरासोबत हमखास एक झिप, म्हणजे अनेक फायली दाबून केलेला एक गठ्ठा, असते. ‘फॉन्ट यातच आहेत, टाकून घ्या.’ ती किती संगणकांवरून फिरून आली, हे आणणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून दुकानातल्या प्रत्येक मशीनवर विंडोजमधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस मी स्वतः तपासून ठेवते.

झिप, रारसारख्या फायली उघडून आतलं तपासणं डिफेंडरमध्ये मुळातच चालू असतं. अडचण येते ती कुणीतरी मध्येच काही बदललेलं असलं की. विंडोज सिक्युरिटीच्या खिडकीत यासाठी वेगळं बटण नाही, म्हणून पॉवरशेल (आज्ञा टाइप करून द्यायची विंडोजची खिडकी) ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा आणि गेट-एमपीप्रेफरन्स ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. लांबलचक यादी येईल. तिच्यात डिसेबल-आर्काइव्ह-स्कॅनिंग (यादीत हे सलग, एकाच शब्दासारखं दिसतं) शोधा. समोर ‘फॉल्स’ हवं, म्हणजे तपासणी बंद केलेली नाही. ‘ट्रू’ दिसलं तर सेट-एमपीप्रेफरन्स, मग एक जागा सोडून आडवी रेघ, तिला चिकटून तेच नाव, पुन्हा जागा सोडून शून्य.

विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीही (विंडोजचे नियम ठरवायची जागा) बघा: कंप्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस, स्कॅन. तिथे ‘स्कॅन आर्काइव्ह फाइल्स’ सोबत किती मोठी फाइल आणि तिच्या आत किती थरांपर्यंत तपासायचं, याच्याही मर्यादा आहेत. शून्य म्हणजे मर्यादा नाही. मशीन जुनं आहे म्हणून तिथे लहान आकडा घालू नका; फॉन्टांचे गठ्ठे मोठेच असतात आणि नेमके तेच सुटतील.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र एक्सक्लूजन्सकडे, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या गोष्टींच्या यादीकडे द्या. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’, मग अगदी खाली ‘ॲड ऑर रिमूव्ह एक्सक्लूजन्स’. काम वेगानं व्हावं म्हणून कुणी तिथे झिप हे एक्स्टेन्शनच (फाइलच्या नावाचं शेपूट) वगळलं असेल, तर वरचं सगळं बरोबर असूनही झिप तपासली जात नाही, कारण वगळण्याचा नियम वरचढ ठरतो. अख्खा डी ड्राइव्ह वगळलेला दिसला तर तोही काढा. हे मी आग्रहानं सांगते.

पेनड्राइव्हचं वेगळं. फुल स्कॅन नेहमीच्या सेटिंगमध्ये पेनड्राइव्ह धरत नाही. त्यामुळे पेनड्राइव्ह लावल्यावर त्याच्यावर राइट-क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ करा. विंडोज ११ मध्ये हा पर्याय कधी कधी ‘शो मोअर ऑप्शन्स’खाली असतो.

नीट चालतंय का हे बघायला आयकार या संस्थेची, अँटिव्हायरस तपासण्यासाठीच केलेली चाचणी फाइल आहे. ६८ अक्षरांची, निरुपद्रवी, आणि आयकारच्या संकेतस्थळावर झिपमध्ये व झिपच्या आतल्या झिपमध्येही मिळते. डिफेंडरनं ती पकडलीच पाहिजे.

पासवर्ड लावलेली झिप मात्र कुठल्याही सेटिंगनं आतून तपासता येत नाही. ती रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा आणि लगेच त्या फोल्डरवर स्कॅन चालवा. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू ठेवा. फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते. त्या गठ्ठ्यात ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, दिसली तर तिच्यावर डबल-क्लिक करू नका आणि फॉन्ट दुसरीकडून मागवा.