गाडी फटाके फोडतेय? स्क्रू पिळायच्या आधी या चुका टाळा

बाइकने सायलेन्सरमधून फट्ट केलं की आपण पहिलं काय करतो, तर स्क्रूड्रायव्हर काढतो आणि कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचा, स्क्रू पिळायला बसतो. मी पण हेच केलेलं. दोन दिवस कधी आत कधी बाहेर असं चाललं होतं, आणि शेवटी निघालं काय तर कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं जे रबर असतं त्याची क्लिप ढिली. क्लिप आवळली, फटाके बंद. पण तोवर स्क्रू मुळात किती आटे बाहेर होता हे कुणाला आठवतंय, ते सेटिंग परत जागेवर आणण्यात अजून एक संध्याकाळ गेली.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, आवाज कुठून येतोय आणि कधी येतोय हे न बघता हात घालणं. सायलेन्सरमधून येणारा आवाज वेगळा आणि कार्बोरेटरकडून, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूने शिंक आल्यासारखा येणारा आवाज वेगळा. आपण दोन्हीला बॅकफायरच म्हणतो, पण दोन्हीची कारणं बरीच वेगळी आहेत.

सायलेन्सरमधला आवाज बहुतेक वेळा रेस सोडल्यावर येतो. उतारावर गिअरमध्ये गाडी आहे, अ‍ॅक्सिलरेटर सोडलाय आणि मागून फट फट फट. होतं असं की थ्रॉटल बंद असताना इंजिनला पेट्रोल कमी आणि त्या मानाने हवा जास्त मिळते, एवढं पातळ मिक्स्चर सिलेंडरमध्ये नीट पेटत नाही, तसंच न जळता बाहेर पडतं आणि तापलेल्या पाईपमध्ये हवा मिळाली की तिथे पेटतं. त्यात बेंड पाईप जिथे इंजिनला जोडतो तिथलं गॅस्केट, म्हणजे जोड बंद ठेवणारी चकती, गेलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि फटाके अजून वाढतात. म्हणून आधी तिथे बघा, जॉइंटपाशी काळी काजळी दिसली तर लीक आहे समजा. गॅस्केट बदलायच्या ऐवजी लोक जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे, बदलत बसतात, हे मी खूपदा बघितलंय. काही गाड्यांना एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी सिस्टीम असते, रेस सोडली की ती हवा बंद करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, फाटला तरी हेच होतं, आणि तिकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

आणि मोकळा सायलेन्सर बसवून, फिल्टरचा डबा काढून टाकून, वर जेट कंपनीचेच ठेवून मग गाडी फुटते म्हणून विचारायचं, हे पण असतं बरं का. हवा जास्त जाणार, पेट्रोल तेवढंच येणार, अजून काय होणार!

आता कार्बोरेटरमधून येणारी शिंक. इंजिन थंड असताना एकदम रेस दिली आणि शिंकलं तर फार घाबरू नका, चोक लवकर बंद केला असेल. पण गरम इंजिनवरही शिंकत असेल तर मिक्स्चर पातळ आहे, नाहीतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातला गॅप ठरवणारे स्क्रू, घट्ट झालेत आणि इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, नाहीतर टायमिंग, म्हणजे ठिणगीची किंवा व्हॉल्व्ह उघडायची वेळ, हललंय. टॅपेट चेक करायचे ते इंजिन पूर्ण थंड असताना, गॅप मॅन्युअलमध्ये असेल तेवढाच. टॅपेटचा आवाज येतो म्हणून अंदाजाने आवळून टाकणं ही चूक लई महागात पडते, कारण व्हॉल्व्ह उघडाच राहिला की कडा जळतात.

कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबराचा लीक शोधायला सोपी युक्ती आहे. गाडी आयडलला, म्हणजे रेस न देता चालू, ठेवा आणि त्या रबराच्या जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारा, प्लगच्या कॅपवर नाही. आवाज बदलला किंवा इंजिन अडखळलं तर हवा तिथूनच घुसतेय. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारून बघणारे पण आहेत, पण गरम इंजिनवर मी तो प्रकार करणार नाही, आग लागायला वेळ लागत नाही.

जेट साफ करताना तारेने किंवा पिनेने भोक मोकळं करणं, ही चूक तर मेकॅनिक लोकही करतात. पायलट जेटचं भोक बऱ्याच गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि जेट पितळेचा, म्हणजे मऊ. तार घातली की भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल जास्त पिते आणि आयडल काही केल्या बसत नाही. कार्ब क्लीनर मारा, थोडा वेळ भिजू द्या, मग हवेच्या प्रेशरने फुंका. जेट उजेडासमोर धरला की गोल ठिपका स्वच्छ दिसला पाहिजे.

कुठला जेट हे कसं कळणार, तर अ‍ॅक्सिलरेटर किती पिळल्यावर त्रास होतो त्यावरून. आयडल आणि अगदी थोड्या रेसला त्रास असेल तर पायलट जेट, मधल्या पट्ट्यात नीडल, म्हणजे रेसबरोबर वर-खाली होणारी सुई, आणि साधारण पाऊण पिळल्यापासून फुलपर्यंत मेन जेट. हे कळलं की सगळा कार्बोरेटर खोलून टेबलावर मांडायची वेळ कमी वेळा येते.

स्क्रूला हात लावायचाच असेल तर आधी हळूच आत फिरवत किती आटे गेले ते मोजा आणि लिहून ठेवा. शेवटी टेकला की थांबा, जोर लावला तर स्क्रूचं सुईसारखं टोक आणि बसायची जागा दोन्ही जातात. आणि एक गोंधळ सगळ्यांचा होतो, स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो सहसा हवेचा असतो, बाहेर काढला की मिक्स्चर पातळ होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर सहसा मिक्स्चरचा, बाहेर काढला की गाढं, म्हणजे पेट्रोल जास्त, होतं. म्हणजे बरोबर उलटं. दुसऱ्याच्या गाडीचं बघून आपल्या गाडीचा फिरवला की झालं कल्याण.

प्लग बघायचा आळस करू नका. टोक पांढरंफटक म्हणजे पातळ, काजळीने काळं म्हणजे गाढं, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. पण नुसतं आयडलला उभी ठेवून प्लग काढला तर काळाच दिसेल, आधी गाडी नीट चालवून आणा.

गाडी बराच वेळ उभी होती आणि आता फुटते, तर आधी फ्लोट बाऊलचा, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीचा, ड्रेन स्क्रू सोडून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. खाली पाण्याचे थेंब बसलेले दिसले तर जेटला दोष देऊ नका, टाकी रिकामी करा. आणि थोडं अंतर गेल्यावरच अडखळून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा, सूं करून हवा आत गेली तर झाकणातलं बारीक भोक बुजलंय, पेट्रोल खाली उतरतच नाहीये.