पिवळे पान पाहून खत देण्यापूर्वी: क्षारांची ओढाताण कशी ओळखावी

पान पिवळे पडले की कमी पडलेले अन्नद्रव्य ओतण्याची घाई होते. परंतु अनेकदा ते अन्नद्रव्य जमिनीत असतेच आणि दुसऱ्या एखाद्या क्षाराच्या अतिरेकामुळे ते मुळांना मिळत नाही. म्हणून आधी कोणती पाने पिवळी पडली आहेत ते पाहावे.

द्राक्षवेलीची खालची, जुनी पाने शिरा हिरव्या ठेवून मधल्या भागात पिवळी पडत असतील, तर मॅग्नेशियमची कमतरता संभवते, कारण वेल ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे पाठवते. अशा वेळी मागील महिनाभरात ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) किंवा १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ही पालाशयुक्त खते किती सोडली याचा हिशेब काढावा. पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम शोषणाच्या वेळी एकमेकांशी स्पर्धा करतात आणि पालाश भरमसाट झाल्यास मॅग्नेशियम मागे पडते. देठ परीक्षणात (पानांच्या देठांच्या प्रयोगशाळेतील तपासणीत) पालाश जास्त निघाले, तर त्याची मात्रा कमी करणे हाच खरा उपाय. मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी (लिटरला ५ ग्रॅम) ही तात्पुरती मदत समजावी.

याउलट उसाच्या शेंड्याकडची कोवळी पाने पिवळट-पांढरी पडली, म्हणजेच केवडा दिसला, तर संशय लोहावर घ्यावा. मूठभर कोरड्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकावेत. माती फसफसली, तर ती चुनखडीयुक्त आहे. अशा जमिनीचा सामू (पीएच) बहुधा ८ च्या आसपास किंवा वर असतो आणि तेथे लोह विपुल असूनही विरघळत नाही. त्यामुळे फेरस सल्फेट नुसते फेकणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय. ते शेणखतात मुरवून मुळांजवळ द्यावे. चिलेटेड (सेंद्रिय रेणूत बांधलेले) लोह जमिनीतून द्यायचे असल्यास ईडीडीएचए स्वरूपातील घ्यावे, कारण ईडीटीए स्वरूप चुनखडीत टिकत नाही.

स्फुरदाचा (फॉस्फरसचा) अतिरेक जस्ताला अडवतो, म्हणून डीएपी हे स्फुरदयुक्त खत आणि झिंक सल्फेट एकत्र मिसळू नये.

ठिबकच्या टाकीत मात्र झटापट डोळ्यांना दिसते. कॅल्शियम नायट्रेटबरोबर ०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) किंवा कोणतेही सल्फेट मिसळल्यास न विरघळणारा साका तयार होतो आणि तोट्या बुजतात. शंका असल्यास शेतातल्याच पाण्याने भरलेल्या काचेच्या बाटलीत दोन्ही खते ठरलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास ठेवावीत. पाणी दुधाळ झाले किंवा तळाशी गाळ बसला, तर ती खते वेगवेगळ्या दिवशी, मध्ये नळ्या साध्या पाण्याने धुऊन सोडावीत.