जामीनदाराचं कर्ज आधी, ओरडणाऱ्याचं मागाहून

दाजींनी वॉट्सअॅपवर फोटो पाठवला. गावच्या पतसंस्थेची नोटीस, जांभळा शिक्का आणि वर पेनाने लिहिलेलं, 'जामीनदार क्र. १'. खाली त्यांनी एवढंच विचारलं होतं, "बघतीस ना?" मी श्टुटगार्टला नाइट ड्यूटी संपवून ट्राममध्ये बसले होते. लाजेनं कान तापले.

त्याआधी चार महिने मी क्रेडिट कार्डाच्या वसुलीवाल्याशी भांडण्यात घालवले होते. तो दिवसातून पाच-सहा वेळा फोन करायचा. पतसंस्थेतून मात्र एकदाही फोन आला नाही, म्हणून ते कर्ज मी मागे ढकललं. माझी चूक ती हीच. कार्डाला जामीनदार नसतो. पतसंस्थेच्या कागदावर दाजींची आणि माझ्या तिथल्या जुन्या वॉर्डातल्या एका सिस्टरची सही होती, तीही केवळ दोघांकडे पगारपत्रक होतं म्हणून.

तुम्हीही देश सोडून आलात आणि मागे काही थकलंय? मग यादी करताना पहिला रकाना रकमेचा ठेवू नका. 'आणखी कुणाची सही आहे' हा ठेवा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, संस्थेला आधी तुमच्याच मागे लागावं लागतं असं नाही. पतसंस्था तर दिवाणी दाव्याच्या भानगडीतही पडत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली उपनिबंधकाकडून वसुली दाखला घेते, आणि मग वसुली अधिकारी थेट जप्तीला निघतो. तुम्ही जर्मनीत, पगार दाजींचा. सोपा कोण, सांगा.

यादीसाठी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मला त्यात टीव्हीच्या हप्त्यांतले राहिलेले ३,१०० रुपये सापडले, जे मी साफ विसरले होते. अडचण एकच, ओटीपी जुन्या भारतीय नंबरवर जातो. माझं सिम रिचार्जअभावी बंद पडलं होतं आणि बँकेतला नंबर बदलायला दोन महिने गेले. अजून निघाला नसाल तर सिम चालू ठेवा. आणि पतसंस्थेचं कर्ज या रिपोर्टात दिसलं नाही म्हणून ते नाहीच असं समजू नका. माझंही दिसत नव्हतं.

पतसंस्थेला मी अर्ज लिहिला, सही करून स्कॅन पाठवला आणि गावाकडे आबांनी त्याची प्रिंट नेऊन दिली. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरा. त्यात मागितलं काय, तर कर्ज खात्याचा उतारा: मुद्दल, व्याज, दंडव्याज आणि वसुली खर्च वेगवेगळे. आकडा आला १,४१,०००. त्यात मुद्दल ९६,०००, व्याज २८,००० आणि दंडव्याज १७,०००. घासाघीस करायची ती या शेवटच्या आकड्यावर. मॅनेजर फोनवर म्हणाले, "होऊन जाईल, तुम्ही भरा." भरू नका. सूट देणं मॅनेजरच्या हातात नसतं, तो विषय संचालक मंडळाच्या बैठकीत जातो. ठरावाची प्रत हातात येईपर्यंत मी पाच आठवडे थांबले, मग ६२,००० चे दोन हप्ते भरले. थेट कर्ज खात्यावर, माझ्या एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं). जुनं साधं बचत खातं तसंच चालवत असाल तर आधी ते एनआरओ करून घ्या. परदेशी राहायला गेल्यावर ते करावंच लागतं.

पैसे भरले की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे कागद. बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा), वचनचिठ्ठी आणि कर्ज घेताना सही करून दिलेले कोरे चेक परत घ्या. चेकची चेष्टा करू नका. तो वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याचं (चेक वगैरेंचा कायदा) कलम १३८ लागतं आणि तिथे मामला फौजदारी होतो, दोन वर्षांपर्यंतची कैद. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर पुढचं टळतं, पण नोटीस जाते गावच्या पत्त्यावर. म्हणून घरी सांगून ठेवा की माझ्या नावाचं रजिस्टर आलं तर फोडून त्याच दिवशी फोटो पाठवा. आमच्याकडे आई "तुझं तू आल्यावर बघ" म्हणून दोन पाकिटं देवघरात ठेवून बसली होती! आणि कर्ज घेताना सातबाऱ्यावर बोजा चढवला असेल तर दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या. बोजा आपोआप उतरत नाही.

आबांनी कागद नेले-आणले त्याला साधं अधिकारपत्र पुरलं. तडजोडीवर तुमच्या वतीने सही करायची असेल तर मुखत्यारपत्र लागेल. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करायचं, आमच्या भागाला म्युनिक. भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा, हे बहुतेक जण विसरतात.

आता तो ओरडणारा, कार्डाचा वसुलीवाला. वसुलीच्या फोनची वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. उन्हाळ्यात तिथले ८ म्हणजे माझ्याकडे पहाटेचे साडेचार. बँकेला मेल केला: यापुढे बोलणं फक्त लेखी, आणि घरच्यांना फोन नको. एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेची असते. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. पतसंस्थेसाठी मात्र हा लोकपाल नाही, तिथे सहकार खात्याचा उपनिबंधक. एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका. आणि कमी रकमेत मिटवलंत तर रिपोर्टात 'सेटल्ड' असं लागतं, 'क्लोज्ड' नाही. पुढे भारतात घरासाठी कर्ज काढायचा विचार असेल तर हा शब्द नडतो. कार्डाचं मी पूर्ण भरलं.

इथल्या एका मराठी पार्टीत कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं, "तीन वर्षं कळ काढ, मुदत संपते." अर्धवट माहिती. १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १५ त्याने वाचलेलं नसणार: दाव्याची मुदत मोजताना प्रतिवादी भारताबाहेर असलेला काळ धरतच नाहीत. म्हणजे आपण इथे बसून तिथलं घड्याळ थांबवून ठेवलेलं असतं.

बेबाकी दाखला आला तेव्हा त्यावर फक्त माझं नाव होतं. मी आबांना परत पाठवलं आणि 'दोन्ही जामीनदार जबाबदारीतून मुक्त' असं नावानिशी लिहून घेतलं. त्या सिस्टरचं घराचं कर्ज मला दिलेल्या जामिनामुळे अडलं होतं, हे मला तेव्हा कळलं. दीड वर्षात त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. आबांनी प्रत त्यांना घरी नेऊन दिली. चहा झाला, फ्लॅटची फाइल पुन्हा टाकते म्हणाल्या.