दोन लहान खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांतून एक निवडताना

एमएचटी-सीईटी या राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल हाती आले, सरकारी महाविद्यालय आणि शहरातील नामांकित संस्था आवाक्याबाहेर असल्याचे स्पष्ट झाले, आणि घराजवळच्या दोन लहान खासगी महाविद्यालयांवर चर्चा येऊन थांबली, अशी स्थिती दरवर्षी असंख्य घरांत येते. माझ्या भाचीच्या वेळी आमच्याही घरी ती आली होती. एक महाविद्यालय तालुक्याच्या गावी, जुने आणि साध्या इमारतीचे. दुसरे महामार्गालगत, नवे आणि देखणे. त्या तीन आठवड्यांत जे शिकलो आणि त्यानंतर इतरांना मदत करताना जे पक्के झाले, ते येथे मांडतो.

प्रारंभ कागदांपासून करावा, कारण कागद पाहण्यास पैसे लागत नाहीत आणि पुढील प्रश्न त्यांतूनच सुचतात. राज्य सीईटी कक्ष केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) प्रत्येक फेरीनंतर महाविद्यालय, शाखा आणि प्रवर्ग यांनुसार कटऑफ प्रसिद्ध करतो. किमान मागील दोन वर्षांचे आकडे मुलीलाच वहीत उतरवून घेऊ द्यावेत. कटऑफवरून शिकवण्याचा दर्जा कळत नाही, मात्र वर्गात कोणत्या तयारीची मुले असतील आणि शेवटच्या फेरीनंतरही जागा रिकाम्या राहतात का, याचा अंदाज येतो. मोठ्या प्रमाणात जागा रिकाम्या राहणाऱ्या शाखेत अध्यापक टिकवणे संस्थेला जड जाते, आणि त्याचा भार पुढे विद्यार्थ्यांवरच पडतो.

मानांकनाचे फलक वाचताना एक भेद ध्यानात ठेवावा. नॅक आणि एनबीए या दोन्ही दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था आहेत. नॅकचे मानांकन संपूर्ण महाविद्यालयाला मिळते, तर एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला आणि ठराविक मुदतीपुरती मिळते. प्रवेशद्वारावर ‘एनबीए मानांकित’ असे लिहिलेले असले, तरी ते मानांकन यंत्र अभियांत्रिकीचे असू शकते आणि आपली मुलगी ज्या संगणक शाखेत जाणार आहे तिला ते नसू शकते. त्यामुळे शाखेचे नाव आणि मुदत दोन्ही तपासावीत. स्वायत्ततेविषयीही असाच गैरसमज आढळतो. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, पदवी मात्र विद्यापीठाचीच असते. अध्यापक चांगले असतील तर ही मोकळीक वरदान ठरते, नसतील तर सैल परीक्षा आणि फुगलेले गुण एवढेच पदरी पडते.

माझ्या मते सर्वाधिक वेळ अध्यापकांची माहिती घेण्यात घालवावा. पदवी अभियांत्रिकीसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय नियामक परिषदेचे प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे १ अध्यापक असे आहे. ६० प्रवेशक्षमतेच्या शाखेत चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी होतात, म्हणजे १२ अध्यापक हवेत. पहिल्या वर्षाचे गणित-भौतिकशास्त्र वेगळा विभाग शिकवतो हे जमेस धरले, तरी शाखेचे स्वतःचे आठ-नऊ जण असायला हवेत. संकेतस्थळावरील यादी घेऊन महाविद्यालयात जावे आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे, की यांपैकी तुम्हाला प्रत्यक्ष कोण शिकवतात, आणि गेल्या वर्षी शिकवणारे या वर्षी आहेत का. आमच्या वेळी देखण्या महाविद्यालयाच्या यादीतील निम्मी नावे मुलांनी ऐकलेलीही नव्हती. जुन्या महाविद्यालयात मात्र एका मुलाने विभागप्रमुखांचे नाव घेतले आणि सांगितले, की सर पंधरा वर्षे येथेच आहेत आणि जर्नल नीट वाचल्याशिवाय सही करत नाहीत. हे तो तक्रारीच्या सुरात बोलत होता, परंतु मला त्याहून मोठी शिफारस त्या दिवशी मिळाली नाही.

ही भेट प्रवेश मेळाव्याच्या दिवशी घेऊ नये. साध्या कामकाजाच्या दिवशी, दुपारच्या प्रात्यक्षिकांच्या वेळी जावे. प्रयोगशाळेतील यंत्रे चालू आहेत की प्लास्टिकखाली झाकलेली, एका संगणकावर किती मुले बसली आहेत, ग्रंथालयात कोणी वाचत आहे का, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, हे सारे डोळ्यांनी दिसते. पालकांनी कार्यालयात शुल्काची चौकशी करत बसावे आणि मुलीला एकटीने कँटीनमध्ये जाऊ द्यावे, कारण वडीलधाऱ्यांसमोर मुले मोकळेपणी बोलत नाहीत.

नोकरीच्या आकड्यांबाबत ‘सर्वोच्च पॅकेज’ बाजूला ठेवून शाखेत पात्र विद्यार्थी किती होते, त्यांपैकी किती वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना नोकरी मिळाली आणि पगारांच्या क्रमात मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याचा पगार किती होता, एवढेच विचारावे. एकाच मुलाच्या तीन ऑफर तीन नोकऱ्या म्हणून मोजल्या जात नाहीत ना, हेही नम्रपणे विचारून घ्यावे.

शुल्काचा प्रश्न सोपा आहे, पण अर्धवट विचारला जातो. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते संकेतस्थळावर पाहता येते. बस, वसतिगृह, मेस आणि गणवेश यांचा खर्च त्यात धरलेला नसतो, म्हणून चार वर्षांची बेरीज स्वतः करावी. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. मात्र त्यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. ‘आत्ताच संस्था स्तरावर जागा पक्की करा’ असा, म्हणजे कॅपबाहेर प्रवेश घेण्याचा, आग्रह कोणी धरल्यास हा फरक आठवावा, आणि जागा राखून ठेवण्याच्या नावाखाली शाळा सोडल्याचा मूळ दाखला कोणाकडेही देऊ नये.

एवढे झाल्यावर निर्णय मुलीचा असावा, आणि तो तिचा आहे हे घरातील सर्वांना माहीत असावे. पालकांनी आपली अट आधीच सांगावी: इतका खर्च झेपेल, इतका प्रवास चालेल. त्या चौकटीत दोन्हीपैकी कोणतेही महाविद्यालय बसत असेल, तर आपले मत एकदाच, कारणासह सांगून थांबावे. माझ्या भाचीने जुने महाविद्यालय निवडले तेव्हा तिचे वडील नाराज होते, कारण दुसऱ्या महाविद्यालयाची इमारत पाहून त्यांना आपण लेकीला काहीतरी उत्तम देत आहोत असे वाटत होते. त्यांची ती भावना खरी होती आणि तिची थट्टा करू नये. तिने आपली वही त्यांच्यासमोर ठेवली, आणि दोघे ती रात्री उशिरापर्यंत वाचत बसले.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपमधील महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, मुलीनेच भरावा. क्लासवाले किंवा महाविद्यालयाचा मदत कक्ष फॉर्म भरून देतो म्हणाले तरी लॉगिन आणि पासवर्ड देऊ नये, कारण पसंतीक्रमात एक ओळ वरखाली झाली तरी जागा बदलते. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली, तर ती आपोआप निश्चित होते आणि पुढील फेऱ्यांत बदलता येत नाही. म्हणून जे खरोखर हवे तेच पहिल्या क्रमांकावर लिहावे. फॉर्म निश्चित करण्यापूर्वी प्रत्येक ओळीतील महाविद्यालय, शाखा आणि चॉइस कोड तिने मोठ्याने वाचावा, घरातील दुसऱ्या कोणी वहीशी ताडून पाहावा, आणि निश्चित झालेल्या फॉर्मची प्रत काढून मूळ कागदपत्रांसोबत ठेवावी.